675 डॉलर, अठरा होल आणि पेबल बीचचा समुद्र

(भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी सावरून घेतली आहेत.)

 

मागे नोकरी गेल्याबद्दल एक भाग केला होता. त्यात मी एक वाक्य टाकून पुढे निघून गेलो, की त्या 60 दिवसांत मी पेबल बीचला गोल्फ खेळून आलो. त्यावर एवढे मेसेज आले की बस! निम्म्यांनी विचारलं, पेबल बीच म्हणजे काय? उरलेल्यांनी विचारलं, डोकं ठिकाणावर होतं का? तर आज दोन्हींबद्दल बोलू. गोल्फ कळत नसलं तरी ऐका, मी फार तांत्रिक होणार नाही.

आधी जागा. सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर मॉन्टेरे नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे कार्मेलच्या उपसागराला लागून, कड्यांच्या अगदी काठाकाठाने एक गोल्फ कोर्स आहे. 1919 मध्ये सुरू झाला. रिसॉर्टचा कोर्स आहे, म्हणजे क्लबचं सभासदत्व वगैरे लागत नाही, पैसे मोजले की कोणीही खेळू शकतो. आणि हे साधं हॉटेलचं मैदान नाही बरं का. अमेरिकेची सगळ्यात मोठी स्पर्धा, यूएस ओपन, इथे सहा वेळा झाली आहे. 2000 साली टायगर वूड्सने ती इथे तब्बल 15 फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या नंबरवर जे दोघं होते ते पारच्या वर होते आणि हा एकटा 12 खाली. पार म्हणजे एका होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचा ठरलेला आकडा. बास, एवढी एक व्याख्या आज पुरे.

माझं गोल्फ म्हणाल तर, पुण्यात कॉलेजला असताना येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून माझी बस जायची, एवढाच संबंध. चौकाला ज्याचं नाव आहे ते आत काय असतं, हे चार वर्षांत कधी डोकावून पाहिलं नाही. अमेरिकेत गेल्यावर कळलं की तिथे गावोगावी नगरपालिकेचे कोर्स असतात, जुन्या काठ्यांचा संच शंभर-दीडशे डॉलरला मिळतो आणि रविवारी सकाळी प्लंबरपासून डॉक्टरपर्यंत सगळे रांगेत उभे असतात. मी खेळायला लागलो. खेळ यथातथाच. अठरा होलला शंभराच्या वर फटके घेणारा माणूस मी.

आता ते 60 दिवस. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की तुमच्याकडे साधारण 60 दिवस असतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर दुसरा काही मार्ग काढायचा, नाहीतर सामान बांधायचं. 2024 चा मे महिना. माझा 41 वा दिवस चालू होता. कंपनीचं नाव घेत नाही, त्यात काही राम नाही. आणि गंमत अशी की नेमके त्याच महिन्यात बाबा आलेले. तिकिटं सहा महिने आधी काढलेली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते घराबाहेर पडले होते. देवगडचा माणूस, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर. सनीव्हेलच्या वन-बेडरूममध्ये मी लॅपटॉपवर इंटरव्ह्यू देतोय आणि बाबा बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजतायत, असं आमचं चाललेलं.

एका रात्री जेवताना मी सहज म्हणालो, परत जायचं झालं तर एकच गोष्ट राहील, पेबल बीच. बाबांनी विचारलं, किती पडतात? मी म्हटलं, 675 डॉलर, एका वेळचे. त्यांनी मनातल्या मनात 83 ने गुणलं. मास्तर ना! "छप्पन हजार," म्हणाले. मग थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "तेवढ्यात मी चिऱ्याचा घर बांधलंय." मला वाटलं, विषय संपला. ताट उचलता उचलता म्हणाले, "जा. खेळान ये. हय परत खंय येतलस?"

आता बुकिंगची भानगड सांगतो, तुमच्यापैकी कोणाला उपयोग होईल. महिने-महिने आधी वेळ हवी असेल तर त्यांच्याच हॉटेलात राहावं लागतं, आणि त्या खोल्यांचा खर्च ऐकून तुम्ही हा भागच बंद कराल. पण बाहेरच्यांसाठी एक फट आहे. आदल्या दिवशी, 24 तासांच्या आत, एखादी जागा रिकामी असेल तर फोनवर मिळते. एकटा माणूस असेल तर शक्यता जास्त, कारण कुठल्यातरी तिघांमध्ये चौथी जागा शिल्लक असते. मी फोन केला. दुपारी पावणेएकची जागा मिळाली. कॅडी घ्यायचा तर त्याचे पैसे वेगळे आणि वर टिप. मी म्हटलं नको, माझी पिशवी मीच उचलतो.

सकाळी निघालो. 101 वरून खाली जाताना गिलरॉय लागतं, तिथे लसूण पिकतो आणि काचा खाली केल्या की वास थेट गाडीत. बाबांना अमेरिकेत पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं. बाबांना कोर्सवर नेण्याऐवजी मी त्यांना कार्मेलच्या पुळणीवर सोडलं. हा बीच गावाचा आहे, फुकट आहे, पांढरी वाळू आहे, लोक कुत्री मोकळी सोडून फिरतात. आणि त्याच्या उत्तरेच्या टोकाला वर मान केली की पेबल बीचचा दहावा होल दिसतो. म्हटलं, मी तीनच्या सुमारास तिथे वर येईन, हात करेन. पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, छत्री त्यांच्याजवळ दिली. छत्री कशाला, तर त्यांना विचारा.

आता खेळ.

पेबल बीचबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट ही, की सुरुवात अगदी साधी आहे. पहिला होल घरांमधून उजवीकडे वळतो. दुसरा, तिसरा, ठीक आहे. मी मनात हिशोब करत होतो, एका होलचे साडेसदतीस डॉलर, तीन होल झाले, 112 गेले. माझ्याबरोबर ओहायोचं एक नवरा-बायकोचं जोडपं आणि एक निवृत्त दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी कॅडी घेतला होता, साठीतला, उन्हाने रापलेला. मी सतत त्या कॅडीच्या कानाच्या टप्प्यात चालत होतो. फुकटचा सल्ला, सोडायचा कशाला? त्याने पहिल्या ग्रीनवरच सांगितलं, उतार कुठेही दिसो, शंका आली की चेंडू समुद्राकडे वळणार असं धरून चाल. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची ती अगदी बारीक कापलेली हिरवळ. इथल्या ग्रीन फार छोट्या आहेत, मोठ्या स्पर्धांच्या कोर्सेसमध्ये सगळ्यात छोट्यांपैकी. त्यावर पोआ अॅनुआ नावाचं गवत आहे, ज्याला दिवसभरात बारीक तुरे येतात. सकाळी गुळगुळीत असलेली हिरवळ दुपारनंतर किंचित खडबडीत होते. आमची वेळ दुपारची. तेव्हा सरळ मारलेला चेंडूही थोडा उड्या मारतो. बरं वाटतं हो, दोष द्यायला काहीतरी असलं की!

आणि मग चौथ्या होलला उजव्या हाताला एकदम पाणी येतं. स्टिलवॉटर कोव्ह म्हणतात त्या खाडीवजा जागेला. खाली केल्पचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं तपकिरी जंगल तरंगत असतं, त्यात ऑटर पाठीवर पडलेले. हवेला मीठ लागतं. आणि तुमच्या लक्षात येतं की माझ्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बिघडला की उजवीकडे जातो, आणि इथून दहाव्या होलपर्यंत उजवीकडे पॅसिफिक महासागर आहे.

पाचव्या होलची एक गोष्ट मला फार आवडते. हा किनारा आधी बंगल्यांचे छोटे प्लॉट पाडून विकायचा बेत होता. सॅम्युएल मोर्स नावाचा माणूस कंपनीच्या मालमत्ता विकून टाकायला नेमला गेला (तारयंत्रवाल्या मोर्सचा लांबचा नातेवाईक), त्याने किनारा पाहिला आणि ठरवलं, काठ विकायचा नाही, काठावर गोल्फ कोर्स करायचा, घरं मागे. कोर्स आखायला जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट हे दोन हौशी चॅम्पियन घेतले, ज्यांनी तोवर एकही कोर्स आखला नव्हता. पण एक प्लॉट 1915 मध्येच विकला गेला होता. तो मालक सोडेना. म्हणून पाचवा होल बिचारा समुद्र सोडून आत झाडीत घालावा लागला. तो तुकडा कंपनीला परत मिळाला 1995 मध्ये. ऐंशी वर्षांनी! मग जॅक निकलसने तिथे नवा पाचवा होल आखला, 1998 मध्ये तो उघडला. आपल्याकडे सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या कुठल्याही घराला ही गोष्ट सांगा, त्यांना लगेच कळेल.

सहावा होल चढ चढून कड्यावर नेतो. वर पोचलात की वारा. खाली काही नव्हतं, इथे टोपी धरावी लागते. आणि मग सातवा.

फोटो तुम्ही पाहिला असेल, नावानिशी माहीत नसेल एवढंच. जमीन समुद्रात घुसलेली, तिच्या टोकाला खाली एक चिमुकली हिरवळ, भोवती वाळूचे खड्डे, मागे लाटा फुटतायत. लांबी किती? 106 यार्ड. क्रिकेटची पाच पिचं एकापुढे एक ठेवली तर याच्यापेक्षा लांब होतील. मोठ्या स्पर्धांमधला हा सगळ्यात आखूड होलांपैकी एक. शांत हवेत हा फटका शाळकरी पोरगा मारेल. पण शांत हवा असते कधी? 1992 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी इथे असा वारा सुटला होता की भल्याभल्यांचे चेंडू वाहून गेले. टॉम काइटचाही चेंडू ग्रीन सोडून डावीकडे गेला, पण त्याने तिथून चिप मारली ती सरळ भोकात. स्पर्धा त्यानेच जिंकली.

आमच्या वेळी वारा तोंडावर होता. ओहायोच्या बाईंनी पहिल्यांदा मारलं आणि चेंडू हवेत थांबल्यासारखा झाला, खरोखर, आणि खाली वाळूत पडला. कॅडी डॉक्टरांना म्हणाला, वर मारू नका, खालून ढकला. मी लगेच तेच केलं. 8-आयर्न घेतला, जो एरवी मी 140 यार्डांना वापरतो, आणि अर्धाच झुलवला. चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून गेला, ग्रीनच्या पुढे आपटला, घसरत वर चढला आणि झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. दोन पुट. पार! आयुष्यात बाकी काही नाही तर पेबल बीचच्या सातव्याला पार आहे. लिहून ठेवा.

(हसू)

पण खरं सांगू का, मला विचाराल तर सातवा फोटोचा होल आहे, आठवा खेळण्याचा. आठव्याला पहिला फटका चढावर, आंधळा. पुढे काय आहे दिसतच नाही. वर पठारावर पोचलात की कळतं, जमीन संपलीये. समोर समुद्र आत घुसून कडा कापून गेलाय, आणि त्या घळीच्या पलीकडे, खाली, इवलीशी ग्रीन. निकलसने या दुसऱ्या फटक्याला आपला सगळ्यात आवडता म्हटलंय. 2022 मध्ये जॉर्डन स्पीथ इथे पार कड्याच्या टोकावर उभा राहून खेळला होता, त्याचा व्हिडिओ मोबाईलवर नक्की तुमच्यासमोर आला असेल. एक पाय चुकला असता तर थेट खाली. स्वतःच नंतर म्हणाला की असं करायला नको होतं.

तिथे दोन रस्ते आहेत. घळीवरून थेट मारायचं, माझ्यासाठी 170-180 यार्ड सगळे हवेतून. किंवा डावीकडून वळसा घालून जमिनीजमिनीने, एक फटका जास्त. डॉक्टर वळशाने गेले, शहाणे. मी कॅडीकडे पाहिलं. तो माझा कॅडी नव्हता, तरी म्हणाला, "तू इथे परत कधी येणार आहेस?" बघा! बाबा मालवणीत जे म्हणाले, तेच हा इंग्रजीत म्हणाला. पहिला चेंडू घळीत. दुसरा ठेवला, तोही घळीत, पण जरा पुढे. तिसरा पलीकडे गेला, ग्रीनच्या मागच्या गवतात. एकूण नऊ फटके. मला वाटतं मी 675 मधले सहाशे त्या एका जागेचे दिले. त्या पठारावर उभा असताना 41 दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात एकही ईमेल नव्हता. खाली सील भुंकत होते, तेवढंच ऐकू येत होतं.

नववा आणि दहावा लांबलचक आहेत, कड्याच्या काठाने. आणि दहाव्याला खाली कार्मेलची पुळण. मी बाबांना शोधायला लागलो. सापडायला वेळ लागला नाही, कारण अख्ख्या बीचवर काळी छत्री एकच. मी हात केला. त्यांनी छत्री हलवली. मग फोन वाजला. तो मी बंद ठेवणार होतो, पण राहिला होता. पलीकडून बाबा: "ह्या गवताक पाणी खंयसून हाडतत?"

आता माणूस समुद्राकाठी बसून काय विचार करेल? पण देवगडच्या कातळावर ज्याने प्रत्येक मे महिन्यात विहिरीचा तळ पाहिलाय, त्याला हेच सुचणार. आणि प्रश्न बरोबर आहे. या द्वीपकल्पाला बाहेरून पाणी येत नाही. कार्मेल नदी आणि जमिनीतलं पाणी, यावरच सगळं. 1995 मध्ये तर राज्याने नदीतला उपसा कमी करायचा हुकूम काढला. पण गोल्फवाल्यांची सोय त्याच्या थोडी आधी झाली होती. 1994 पासून कार्मेलच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते या कोर्सेसना घालायला लागले. सुरुवातीला त्यात क्षार जास्त, पोआला सोसेना, मग आणखी शुद्धीकरण बसवलं, साठवायला तलाव दुरुस्त केला. म्हणजे ज्या हिरवळीवर लोक गुडघे टेकून फोटो काढतात, ती गावाच्या मोरीच्या पाण्यावर जगते. बाबांना हे फोनवर सांगितलं. म्हणाले, "बरा करतत." कोर्सबद्दल त्यांनी केलेली एवढीच स्तुती.

अकराव्यापासून कोर्स आत वळतो. तिथलं मी झपाट्याने सांगतो कारण मी तिथे वाईट खेळलो आणि ती जागाही तेवढी थोर नाही. चौदावा लांब आहे आणि त्याची ग्रीन छळते, एवढं पुरे.

सतराव्याला परत समुद्र. तीन पारचा होल, ग्रीन मधे आवळलेली, डमरूसारखी. 1972 मध्ये निकलसचा 1-आयर्नचा फटका इथे झेंड्याच्या काठीवर आदळून भोकाशेजारी थांबला. दहा वर्षांनी, 1982 मध्ये, टॉम वॉटसनने ग्रीनबाहेरच्या दाट गवतातून चिप मारून चेंडू आत घातला आणि तीच स्पर्धा निकलसच्या हातून नेली. एकाच होलने एकाच माणसाला दिलं आणि त्याच्याकडूनच काढून घेतलं. मी तिथे पाच घेतले, इतिहासात नोंद नाही.

अठरावा मात्र जगातल्या सगळ्यात देखण्या शेवटांपैकी एक. आधी तो साधा आखूड चार पारचा होल होता, 1922 मध्ये फाउलर नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने तो लांबवून पाच पारचा केला. 543 यार्ड, अख्खा डावा हात समुद्र, काठाला भिंत, लाटा भिंतीवर. इथे माझा उजवीकडे जाणारा चेंडू पहिल्यांदा उपयोगी पडला, समुद्रापासून लांब गेला! संध्याकाळचे पावणेसहा. धुकं समुद्रावरून आत यायला लागलं होतं. शेवटचा पुट आत गेला, चौघांनी टोप्या काढून हात मिळवले. एकूण 108.

गाडीत बसताना फोन पाहिला. दोन ईमेल. एक नकार, एक "पुढच्या आठवड्यात कळवतो". कार्मेलला जाऊन बाबांना घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न, किती चेंडू हरवले? म्हटलं, सात. समुद्रात? चार. "मग ते खंय जातत?"

याचं उत्तर आहे आणि ते फार छान नाही. अॅलेक्स वेबर नावाच्या शाळकरी मुलीने 2016 पासून वडिलांबरोबर याच पाण्यात बुड्या मारून गोल्फचे चेंडू गोळा केले. त्यावर 2019 मध्ये शास्त्रज्ञांबरोबर तिचा शोधनिबंध आला. 50,681 चेंडू! काही नवे, काही झिजून आतलं रबर बाहेर आलेले. चेंडू बुडतो, लाटांनी तळाशी घासतो, प्लास्टिकचे कण सुटतात. त्यानंतर कोर्सवाल्यांनी चेंडू काढण्याच्या कामात हात घातला. पण माझे चार त्या घळीच्या खाली कुठेतरी आहेत हे खरंच. बाबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग त्यांच्या मनात आणखी एक होतं ते निघालं, "हय मासे कोण मारता?" त्यांना एकही होडी दिसली नव्हती. मी सांगितलं, एकोणिसाव्या शतकात याच स्टिलवॉटर कोव्हला चिनी कोळ्यांची वस्ती होती. मासे वाळवायचे, टूरिस्ट आले की त्यांची मुलं शिंपले विकायची. ती वस्ती गेली, मग हॉटेल आलं, मग कोर्स. त्याआधीचे मूळ रहिवासी तर आणखी आधी हलवले गेले.

काठ कोणाचा, हा वाद तिथे अजून चालू असतो. 1990 मध्ये एका जपानी उद्योगपतीने हे सगळं आठशे दशलक्ष डॉलरहून जास्त देऊन घेतलं आणि खासगी सभासदत्वं विकायचा बेत केला. कॅलिफोर्नियात किनाऱ्यासाठी एक सरकारी आयोग आहे, त्याने आडवा पाय घातला. दोन वर्षांत त्याला ते प्रचंड तोट्यात विकावं लागलं. 1999 मध्ये पीटर युबेरॉथ, आर्नोल्ड पामर, क्लिंट ईस्टवूड वगैरे मंडळींच्या गटाने घेतलं. हो, तोच सिनेमातला ईस्टवूड! कायदा असा आहे की भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सगळ्यांची. म्हणजे बाबा जिथे छत्री घेऊन उभे होते, तिथून त्यांना कोणी उठवू शकत नव्हतं. तोच समुद्र, तीच हवा. त्यांचे शून्य, माझे 675. माझ्या मते मला मिळालं ते देखाव्याचं तिकीट नव्हतं, तो फुकट आहे. मला त्या देखाव्याकडे पाठ करून, पायाशी असलेल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघायचा पाच तासांचा हक्क मिळाला. आता तो तेवढ्या किमतीचा आहे का? नोकरी असती तर मी कदाचित गेलोच नसतो, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो असतो. कर्ज काढून जाऊ नका, एवढं नक्की सांगतो.

आणि एक जागा सांगतो, ती मी तिथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला सांगतो. शेजारीच पॅसिफिक ग्रोव्ह गाव आहे, तिथे नगरपालिकेचा गोल्फ कोर्स आहे. शंभर डॉलरच्या आत. त्याचे शेवटचे नऊ होल वाळूच्या टेकड्यांमधून जातात, मधे 1855 चं दीपगृह, बाजूला समुद्र. आणि ते नऊ होल कोणी आखलेत? जॅक नेव्हिलने. पेबल बीचवाला तोच, म्हातारपणी, 1960 मध्ये. पेबल बीचच्या आवारातला 17-माईल ड्राइव्ह बघायचा तर गाडीला 12 डॉलरच्या आसपास लागतात, सायकलला फुकट. सायकल घेऊन जा.

परतताना बाबांना तिथेच घेऊन गेलो, पॅसिफिक ग्रोव्हला. सूर्य मावळायला अवकाश होता. क्लब हाऊसपाशी सरावाची ग्रीन असते, तिथे कोणी काही विचारत नाही. मी बाबांच्या हातात पुटर दिला. त्यांनी तो कोयत्यासारखा धरला. म्हटलं, बाबा, हळू, नुसता ढकला. पहिला चेंडू ग्रीन ओलांडून पार पायवाटेवर. दुसरा भोकाला वळसा घालून गेला. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, बाह्या वर केल्या, उकिडवं बसून उतार पाहिला, अगदी टीव्हीवर करतात तसं, कुठे पाहिलं होतं कोण जाणे. आणि विचारलं, "समुद्र खंय रे, ह्या बाजूक?" मी हात दाखवला. त्यांनी चेंडू थोडा वरून मारला. तो वळला, वळला, आणि आत.

मग अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

बाकी तुम्हाला माहीतच आहे. "पुढच्या आठवड्यात कळवतो" वाल्यांनी कळवलं नाही, जूनमध्ये आम्ही दोघं एकाच विमानाने परत आलो. पुण्याला परतल्यापासूनच्या नोकरीच्या गोष्टी पुढच्या भागात. तोवर कोणी कोकणात पुळणीवर पुटर घेऊन उभा असलेला म्हातारा पाहिला तर मला फोटो पाठवा, ते बाबा असण्याची दाट शक्यता आहे. चला, भेटू.